आंबेनळी उतरताना पारचा पूल चुकवू नका

दिवाळी उलटल्यावर मी आणि धाकटा भाऊ मोटारसायकलने सुरूर फाट्यावरून वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. पाचगणीपर्यंतचा भाग बहुतेकांनी पाहिलेला असतो. तेवढं एक सांगतो, सुट्टीच्या दिवशी पसरणी घाट सकाळी सातच्या आत चढा, नाहीतर गाड्यांच्या रांगेतच उन्हं चढतात.

महाबळेश्वर सुटलं की गर्दी विरळ होते. पोलादपूर इथून साधारण 40 किलोमीटर. पेट्रोल इथेच भरून घ्या आणि घरी फोन करून ठेवा, घाटात रेंजचा भरवसा नाही. मेटतळ्याच्या पुढे वळणांवर वळणं. उतारावर नुसत्या ब्रेकवर राहू नका, गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा आणि प्रत्येक वळणावर हॉर्न द्या. 28 जुलै 2018 ला याच घाटात बस दरीत कोसळली आणि 34 जणांपैकी फक्त एक वाचला. जुलै 2021 च्या पावसात रस्ता जागोजागी खचला होता. पावसाळ्यात घाट सुरू आहे का, हे विचारल्याशिवाय निघूच नका.

कुंभरोशीला सगळे प्रतापगडाकडे वळतात. आम्हीही वळलो, पण त्याआधी पार गावात गेलो, आणि हा रस्ता मला तिथे कळला. आजचा घाट इंग्रजांच्या काळातला. 1867 ते 1872 मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या फिट्झगेराल्ड यांच्या नावानेच तो ओळखला जाई. मुंबईहून बोटीने दासगावला उतरून साहेबलोक याच वाटेने महाबळेश्वरला चढत. त्याच्या कितीतरी आधी महाडच्या बंदरातला माल पार घाटाने वर यायचा आणि वाईकडे जायचा. जावळी ज्याच्या हातात, त्याच्या हातात ही वाट. 1656 मध्ये महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, प्रतापगड उभा राहिला, आणि 10 नोव्हेंबर 1659 ला अफझलखान त्याच गडाच्या पायथ्याशी मारला गेला. त्याची फौज वाईहून रडतोंडीच्या घाटाने इथे उतरली होती. आपण मोटारसायकलवरून सकाळभरात केलेला प्रवास तिने हत्ती, तोफांसकट कसा केला असेल, हा विचार पारमध्ये उभं राहिल्यावर सुटत नाही.

पारला कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे. आजही त्यावरून गाड्या जातात. आम्ही चपला काढून काठाशी उतरलो आणि खालून कमानी पाहिल्या. घडीव दगड एकमेकांत असे बसलेत की हात फिरवत राहावंसं वाटतं. पार गावातच रामवरदायिनीचं देऊळ आहे, तिथे पाच मिनिटं टेका. कृपा करून पुलावर नावं कोरू नका आणि बाटल्या टाकू नका. नदीकाठी आम्ही त्याच वेचत होतो.

कुंभरोशीत पिठलं-भाकरी मिळाली. गडासाठी दोन-तीन तास धरा आणि चारपर्यंत खाली या. पुढचा पोलादपूरपर्यंतचा उतार सावित्रीच्या खोऱ्यातला, झाडी दाट, संध्याकाळी धुकं पटकन दाटतं. आम्हाला साडेचार झाले होते, शेवटची वळणं दिवा लावूनच उतरलो.