किचन सीन अपडेट: काकू दिसल्या की हिरो गायब, हिरो दिसला की काकू पांढऱ्याफटक

अखेर जमलं! म्हणजे पूर्ण नाही, पण परवाच्या टेस्ट शूटमध्ये पहिल्यांदाच दोघंही एका फ्रेममध्ये माणसासारखी दिसली, त्या आनंदात झोप उडालीय म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

मागे इथे ज्यावर मदत मागितली होती तोच आमच्या फिल्ममधला सीन हो, सदाशिव पेठेतलं किचन, टांझानियाहून शिकायला आलेला आपला हिरो पोह्यांची डिश हातात धरून बसलाय आणि घरमालकीण काकू "आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही हं" वरून सुरू करून हळूहळू त्याच्या देशावर, देवावर आणि केसांवर येतात. पूर्ण फिल्म या अडीच मिनिटांवर उभीये आणि नेमकी तीच अडली. हिरो चांगला गडद रंगाचा, काकू गोऱ्यापान, अंगात ऑफव्हाइट साडी, मागे चुन्याची पांढरी भिंत. झेब्रा (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ठरावीक उजळपणाच्या भागावर दिसणारे पट्टे) ७० टक्क्यांवर ठेवून काकूंचा चेहरा सेट केला की हिरोचे नुसते डोळे आणि दात, आणि हिरोसाठी दीड स्टॉप उघडलं (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप, एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट) की भिंत जळाली, म्हणजे नुसती पांढरी, साडीचा काठ गेला, काकू म्हणजे ट्यूबलाइट.

"शॅडो उचल ना रिझॉल्व्हमध्ये" असं सगळे सांगतात, म्हणजे कलर करायच्या सॉफ्टवेअरमध्ये गडद भाग उजळ कर. उचलून बघितल्या. चेहरा दिसतो, पण कसा? राखाडी. त्वचेतला लाल-तपकिरी ऊबदारपणा सगळा जातो, वर नॉइज म्हणजे दाणे, आणि गडी आजारी वाटायला लागतो. पॉवर विंडो (फ्रेमचा ठरावीक भाग निवडायचा मुखवटा) लावून फक्त चेहरा उचलला तर त्याने मान हलवली की भोवती प्रभावळ. संतपट करायचा असता तर ठेवली असती.

मग आमच्या कॅमेऱ्याचा, ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के चा, फॉल्स कलर (उजळपणानुसार चित्रावर वेगवेगळे रंग दाखवणारी सोय) नीट वाचला. यूट्यूबवर जो तो सांगतो की चेहरा गुलाबीत आणा, पण गुलाबी ही उजळ त्वचेची खूण आहे, गडद त्वचेला हिरवा जुळतो, म्हणजे मिड ग्रे, मधल्या उजळपणाचा राखाडी. हे कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्येच आहे, पण मॅन्युअल वाचतो कोण. म्हणजे हिरोला ओढूनताणून गुलाबीत न्यायचं कारणच नव्हतं. तो हिरव्यात बसला की बस.

हे दुखणं जुनंच आहे म्हणा. फोटो लॅबमध्ये रंग जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो असलेलं 'शर्ली कार्ड' वापरायचे, तिची त्वचा नीट आली म्हणजे प्रिंट ओके. गडद रंग नीट टिपणारी फिल्म बनवायला कोडॅकवर दबाव आला त्यात मोठा वाटा कुणाचा, तर चॉकलेट आणि फर्निचर कंपन्यांचा, कारण जाहिरातीत डार्क आणि मिल्क चॉकलेट सारखंच दिसत होतं, लाकडाचे शेड कळत नव्हते. माणसांसाठी नाही, कपाटांसाठी!

'मूनलाइट' (२०१६) बघा असं इथल्या अर्ध्या लोकांनी सांगितलं, बघितला परत. त्याचा कॅमेरामन जेम्स लॅक्स्टनने सावल्या भरून काढायच्या भानगडीत न पडता काळं काळंच ठेवलंय आणि त्वचेला तेल लावून चमक आणलीय. इंडी म्हणजे मोठ्या स्टुडिओशिवायचा म्हणायचा तरी बजेट सुमारे १५ लाख डॉलर, आपलं बजेट त्याच्या जीएसटीएवढंही नाही. मला जास्त उपयोग झाला तो ज्युली डॅशच्या 'डॉटर्स ऑफ द डस्ट'चा. १९९१ ला सनडान्समध्ये आर्थर जाफाला सिनेमॅटोग्राफीचं बक्षीस मिळालं तो. समुद्रकिनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यातल्या कृष्णवर्णीय बायका, म्हणजे आपला किचनवालाच प्रॉब्लेम, आणि तोही डिजिटल नाही, फिल्मच्या रिळावर! पॉज करकरून बघितलं तर गालांवर, कपाळावर आभाळाची मोठी मऊ चमक आहे. गडद त्वचेचा आकार किती उजेड पडतो त्यापेक्षा काय परावर्तित होतं त्यावर कळतो, म्हणून सोर्स मोठा हवा आणि बाजूने हवा.

मोठा सोर्स म्हणजे सनबोर्ड, फोमची हलकी पांढरी शीट, उजेड परतवायला. अप्पा बळवंत चौकातून अख्खी शीट घेतली आणि ॲक्टिवावर मागे मित्राला धरायला बसवून लक्ष्मी रोडने आणली, बस शेजारून गेली की दोघं तिरके. टेबलाच्या कडेला उभी केली, लाइट तिच्यावर मारला आणि हिरोच्या गालाचं हाड, जबड्याची रेघ, कानाची पाळी, सगळं उमटलं. एक्सपोजर वाढवलेलं नाही हां! भिंतीवर पडणारा उजेड काळं कापड टांगून कापला.

भाड्याने आणलेल्या एलईडी पॅनलबद्दल मात्र बोलायलाच हवं. डब्यावर सीआरआय (लाइटमध्ये रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ प्लस, पण आर९ चा, म्हणजे गडद लाल रंगाच्या आकड्याचा, पत्ता नाही. काकूंवर काही कळत नाही, हिरोवर हिरवट राखाडी छटा. शेवटी बुधवार पेठेतला जुना हॅलोजन बोर्डवर मारला आणि त्वचा जिवंत झाली. किचनची भट्टी होते, पोहे वाळतात, पण माझं मत पक्कं झालंय की त्वचेसाठी स्वस्त एलईडीपेक्षा हॅलोजन बरा. मेकअपवाल्या दादांनी सवयीने एक शेड उजळ पॅनकेक काढला होता, तो नम्रपणे परत ठेवायला लावला. हिरोने स्वतःचंच क्रीम लावलं, झकास चमक.

आता लिहिता लिहिता सुचतंय, मुळात जागाच का बदलू नये? खिडकी हिरोला द्यायची, काकू आत ओट्यापाशी. एक्सपोजर हिरोचं लॉक करायचं, काकूंना त्या हिशोबाने कमी उजेड. आत्तापर्यंत मी काकूंना प्रमाण धरून हिरोला ॲडजस्ट करत होतो, गोष्ट तर त्याची आहे. मग ब्लॉकिंगपण, म्हणजे कोण कुठे बसणार-चालणार तेही, बदलतं, तो बसलेला, आणि डिश घेऊन प्रश्न विचारत काकूंना त्याच्याकडे यावं लागतं. आधी तो टेबलासमोर व्हायवाला बसल्यासारखा वाटत होता. म्हणजे स्टोरीबोर्ड गेला कचऱ्यात, चालेल. साडीही मोरपंखी करतोय, काकूंचं काम करणाऱ्या ताई तयार आहेत, फक्त इस्त्री आम्ही करायची म्हणे.

हिरोच्या आईच्या स्वाहिलीतल्या फोनचं रेकॉर्डिंग राहिलंय, ते नंतर. रविवारी नवीन ब्लॉकिंगने टेस्ट करतोय, सकाळी दहाच्या आत, कारण नंतर समोरच्या बिल्डिंगच्या काचेवरून ऊन थेट ओट्यावर येतं. कुणाकडे चार बाय चार फुटांची सिल्क फ्रेम (उजेड मऊ करायला कापड ताणलेली चौकट) पडून असेल तर दोन दिवसांसाठी द्या रे, कोथरूडपर्यंत येऊन घेऊन जाईन.