वलांडीवरचे बोंबील आणि हवामान बदल

हवामान बदल आणि लिंगभाव समता या विषयावरील विद्यार्थी पाठ्यवृत्तीसाठी मी मुंबईतील वर्सोव्याचा कोळीवाडा निवडला आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळासारख्या आपत्तीनंतर फुटलेल्या होड्या आणि फाटलेली जाळी पंचनाम्यात सहज दिसतात. परंतु अवकाळी पावसाने वलांडीवरचे, म्हणजे मासळी वाळवण्याच्या बांबूच्या मांडणीवरचे, बोंबील कुजले, किंवा उकाड्याने बर्फ लवकर वितळून कोळणीला मासळी पडत्या भावाने विकावी लागली, तर तो तोटा, जो मला अधिक चिंताजनक वाटतो, घरखर्चातच जिरतो. मुंबईच्या मार्च २०२२ मधील हवामान कृती आराखड्याने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जेवढे हरितगृह वायू सोडले जातील तेवढेच शोषले जाण्याचे) उद्दिष्ट ठेवले, हे स्वागतार्हच आहे. तथापि मासळी बाजारातील सावली, शीतपेट्या आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे हीदेखील हवामान अनुकूलनाचीच, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचीच, कामे आहेत, अशी मांडणी मी अहवालात करणार आहे.