फेब्रुवारीतला रविवार आणि कागदात गुंडाळलेल्या बाटल्या

आमच्या वाइनप्रेमी मंडळाचा वार्षिक मेळावा फेब्रुवारीतल्याच एखाद्या रविवारी भरतो. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, नाशिकच्या बागा जानेवारीअखेर तोडणीला येऊ लागतात, आणि आमचे निम्मे सभासद बागाईतदार घरातले आहेत. उरलेले बँकेतले, कॉलेजातले, दवाखान्यातले. गिरणाऱ्याच्या रस्त्यावर एका सभासदांचा मळा आहे, तिथे सकाळी नऊला सगळे हजर. निफाडकडून येणारी मंडळी स्वेटर घालूनच उतरतात, कारण तिकडचा पारा त्या दिवसांत फारच खाली गेलेला असतो.

हे मंडळ जमलं ते मोठ्या उत्साहाच्या काळात. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फेसाळ वाइन करून दाखवली होती. पुढे राजीव सामंत यांच्या सुला या वाइन कंपनीच्या पहिल्या बाटल्या २००० साली बाजारात आल्या, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झाला. खायच्या थॉमसन द्राक्षांच्या शेजारी लोक शिराझ आणि कॅबरने हे लाल वाइनचे वाण लावू लागले. पण लावणाऱ्यांपैकी किती जणांनी वाइन मन लावून चाखली होती? आपल्या मालाचं पुढे काय होतं, हे शेतकऱ्याला जिभेवर कळलं पाहिजे, एवढ्याच इच्छेनं पहिला मेळावा झाला.

सुरुवात बाटलीनं होत नाही, बागेत होते. यावर आम्हाला बाग दाखवणारे मंडळातले काका ठाम असत आणि मला ते आजही पटतं. वाइनचा घड हातात घेतला की फरक लगेच जाणवतो: मणी बारीक, साल जाड, आत बिया. काका एक मणी तोंडात टाकायला लावत, गर गिळायचा आणि बी तळहातावर काढायची. बी हिरवट असेल आणि चावल्यावर कडू लागली तर थांबायचं, तपकिरी होऊन कुडकुडीत फुटली तर माल तयार. मग रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजणाऱ्या मीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकून ते उजेडाकडे धरत. बाजारात खायला पाठवायची द्राक्षं १७-१८ ब्रिक्सला तोडतात, लाल वाइनची २३-२४ पर्यंत थांबवतात. आंबटपणा मात्र उन्हासरशी झपाट्यानं उतरतो, म्हणून पांढऱ्या वाणांची तोडणी पहाटे, कधी रात्रीही. हे बागेत पाहिलं की ग्लासातली आंबट धार कुठून येते ते सांगावं लागत नाही.

मग मांडवात बाटल्या. सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर फक्त आकडा. नियम एकच: आधी आपल्या कागदावर लिहायचं, मग बोलायचं. ज्याचा शब्द वजनदार, तो आधी बोलला की बाकीच्यांना तोच वास यायला लागतो, हे आम्ही फार लवकर ओळखलं. त्या कागदांचं वाचन हा मेळाव्याचा खरा सोहळा. सॉव्हिन्यॉन ब्लांक या पांढऱ्या वाइनला कुणी पेरू लिहितं, कुणी ढोबळी मिरची, कुणी नुकतं कापलेलं गवत. शिराझला काळी मिरी तर दरवर्षी निघते, आणि जांभूळही. एकदा दिंडोरीच्या एका काकूंनी पांढऱ्या वाइनवर नुसतं ‘ओला पुठ्ठा’ लिहिलं. सगळे कागद बघून झाले, पुन्हा ग्लास नाकाशी नेले, आणि खरंच, फळाचा वास गायब आणि कुबट ओला पुठ्ठा तेवढा उरलेला. बूच बाधलेली, म्हणजे बुचामुळे वाइन बिघडलेली बाटली ती. त्या दिवशी सगळ्यांना बाटलीतला दोष कायमचा ओळखता आला, तो काकूंच्या नाकामुळे.

किंमत सगळ्यात शेवटी उघड करायची. बाटल्यांवरचे कागद सोडले की मांडवात आवाज चढतो. आयात बाटल्यांवर तेव्हा १५० टक्के सीमाशुल्क होतं. परदेशात साधी म्हणून विकली जाणारी वाइन इथे भारदस्त किमतीला मिळायची आणि आमच्या कागदांवर मागे पडायची. अकलूजच्या फ्रातेल्लीची सांजोव्हेसे, नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, दिंडोरीची शिराझ यांनी अनेकदा त्यांच्यापेक्षा वरचे गुण घेतले. अभिमानापोटी आधीच गुण वाढवता येत नाहीत, हा गुंडाळलेल्या कागदाचा मोठा फायदा.

खरेदीचं शहाणपण याच गप्पांतून जमा झालं आणि आजही मी त्यावरच चालते. पांढरी आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन घेताना तोडणीचं वर्ष आधी बघायचं. आपली तोडणी वर्षाच्या सुरुवातीला, त्यामुळे त्याच सालाची बाटली त्याच साली दुकानात येते. ताजी मिळत असताना तीन वर्षं जुनी शेनिन ही पांढरी वाइन घ्यायची नाही. दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटली कितीही स्वस्त असो, नको. बूच असलेली घेताना तोंडावरून अंगठा फिरवायचा: बूच वर उचललेलं लागलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ असला तर उन्हानं तिचं काम झालंय. स्क्रू कॅपला कमी लेखू नये, ताज्या पांढरीला तीच बरी. आणि दुकानदाराला निवांत वेळी भेटावं. एसी रात्री बंद होतो का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ हे नाशिकच्या मार्चमध्ये चालत नाही, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीच.

दुपारचं जेवण काळ्या मसाल्याच्या मटणाचं, भाकरी, ठेचा. तिखटासोबत तुरट कॅबरने जिभेला जाळते, आणि किंचित गोडसर, गार शेनिन सगळं सावरून घेते. हे आम्ही पुस्तकातून घेतलं नाही, पंगतीत सापडलं. कोथिंबीर वडीला सॉव्हिन्यॉन, पुरणपोळीला उशिरा तोडलेल्या शेनिनची गोड वाइन. शेवटच्या जोडीवर सगळ्यांचं एकमत झालं, आणि आमच्याकडे एकमत फार दुर्मिळ.

सगळीच वर्षं हसरी नव्हती. २००८ नंतरच्या मंदीत माल पडून राहिला, पैसे अडकले, आणि पुढच्या मेळाव्यांना आमच्यातलेच काही जण वाइनच्या वेली उपटून आले होते. ते आले, हे मला फार मोठं वाटतं. त्यांनी कागद लिहिले, नेमके लिहिले. २०१९ च्या दिवाळीतल्या अवकाळी पावसानं छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीची वाट लावली. त्यापुढच्या फेब्रुवारीत घड मोजकेच होते, आणि नंतर टाळेबंदी लागली. २०२१ ला मेळावा नाही झाला. तेव्हा प्रत्येकानं घरी एकच ठरलेली बाटली उघडून फोनवर आपापला कागद वाचला. मजा आली, पण दुसऱ्याचा चेहरा बघत चाखण्याची सर त्याला नाही. समोरच्याच्या भुवया उंचावल्या की आपणही ग्लास पुन्हा उचलतो, आणि पहिल्या घोटात निसटलेलं काहीतरी हाती लागतं.

आता काकांची नात बाटल्या गुंडाळते. तिनं पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलं आहे आणि कागदावर रंगासाठी वेगळा रकाना आखला आहे, आजोबांना तो मान्य आहे. यंदाचा विषय तिनंच ठरवलाय: एकाच सालाची शेनिन ब्लांक, पण वेगवेगळ्या वायनरींची. प्रत्येकानं एक बाटली आणायची, बिल खिशात ठेवायचं, आणि ती आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये गेलेली असली पाहिजे. मी माझी सांजेगावहून घेणार आहे. वायनरीत चाखून, मागच्या लेबलावरचं साल बघून.