तुम्ही विचारलंत म्हणून: पोलीस ठाण्यात पोलीस खेकसतात का?

मुंबई पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यापासून लग्नात, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगला हा प्रश्न ठरलेला. ‘काका, राग मानू नका, पण पोलीस ठाण्यात गेलं की पोलीस असे खेकसतात का?’

राग कसला? मी स्वतः खेकसलोय.

अनंत चतुर्दशीच्या सकाळी आठला बंदोबस्ताला उभा राहिलो, तो दुसऱ्या दिवशी सकाळीच सुटलो. माणूस कमी म्हणून तसाच ठाण्यात टेबलावर बसलो. पाय सुजल्याने बुटांच्या नाड्या सोडल्या होत्या. पन्नाशीच्या एक बाई आल्या. मंगळसूत्र खेचून नेलेलं, मानेवर लाल वळ. मोटारसायकलचा नंबर सांगता सांगता रडू लागल्या. मी ओरडलो, ‘आधी रडणं थांबवा!’ त्या एकदम गप्प झाल्या. मी जबाब लिहिला, खाली नेहमीची ओळ टाकली: ‘जबाब वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ वाचून दाखवला नव्हता. सही घेतली.

नंबरातले शेवटचे दोन आकडे मी उलटे लिहिले होते. आमची माणसं भलत्याच्याच दारात जाऊन आली, दिवस वाया गेला. बाईंच्या मुलाने नंबर कागदावर टिपला होता म्हणून चूक सापडली. पुरवणी जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनीच मला चहा दिला. तो घोट अजून घशाखाली उतरत नाही.

ताणमुक्तीची शिबिरं आम्हालाही झाली. डोळे मिटायला सांगितलं की निम्मे जण झोपायचे. आम्हाला झोपच हवी होती.

देवनार ठाण्यातल्या एका पोलिसाने पाळ्यांचं गणित मांडून तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे ठेवलं, आणि मे २०१६ मध्ये तिथे आठ तासांची ड्युटी सुरू झाली. पुढे ती इतर ठाण्यांतही आली. मला ती मिळाली तेव्हा पहिल्या आठवड्यात मी मुलीचा अभ्यास घेतला. बारावीची होती, मला तिचे विषयही माहीत नव्हते. ठाण्यात जबाब वाचून दाखवायला लागलो, लोक मध्येच थांबवून दुरुस्ती सांगायचे. सण, निवडणूक, मोर्चा आला की मात्र आठाचे पुन्हा बारा, सोळा होत.

तुमच्यावर ठाण्यात जायची वेळ आली, तर सहीआधी जबाब वाचून मागा. समोरचा चिडला तरी मागा.