निवड खऱ्या अर्थाने खेळाडूची केव्हा होते?

प्रत्येक निर्णयाने कथा बदलेल, असे आश्वासन फँटसी रोल-प्लेइंग गेम (खेळाडू एका पात्राच्या भूमिकेत शिरतो असे व्हिडिओ गेम) नेहमीच देतात. प्रत्यक्षात मात्र संवादाचे तीन पर्याय समोर येतात, तिन्हींना जवळपास एकच उत्तर मिळते आणि क्वेस्ट, म्हणजे खेळाडूवर सोपवलेली कामगिरी, ठरलेल्या वाटेनेच पुढे जाते. माझ्या मते पर्याय किती आहेत, याला फारसे महत्त्व नाही. निर्णयाच्या क्षणी खेळाडूला काय ठाऊक असते आणि परिणाम त्याला केव्हा भोगावा लागतो, यावर निवडीचे मोल ठरते.

२०१५ साली आलेल्या ‘द विचर ३’मधील ब्लडी बॅरन या सरदाराचे कथानक मला यासाठीच श्रेष्ठ वाटते. (ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) वेलेन या प्रदेशातील एका टेकडीच्या पोटात कोंडलेला आत्मा गेराल्टला, म्हणजे आपण ज्याच्या भूमिकेत खेळतो त्या नायकाला, सांगतो, की मला मुक्त केलेस तर दलदलीतील अनाथ मुलांना मी चेटकिणींच्या तावडीतून वाचवीन. त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवण्याइतका भक्कम पुरावा हाती नसतो. त्याला सोडले तर मुले खरोखरच वाचतात, पण जवळचे गाव उद्ध्वस्त होते. पुढे बॅरनची पत्नी अ‍ॅना शापाला बळी पडते आणि बॅरन गळफास घेतो. आत्म्याला मारले तर मुलांचा बळी जातो; अ‍ॅनाचे मन ढळते, पण ती जगते आणि बॅरन तिला उपचारासाठी घेऊन जातो. यांपैकी कोणत्याही पर्यायावर चांगल्या-वाईटाचा शिक्का गेम मारत नाही, त्यामुळे खेळाडूला स्वतःचीच मूल्ये तपासावी लागतात.

क्वेस्टमधील वैविध्याचेही तसेच आहे. केवळ गोष्ट बदलून भागत नाही, खेळण्याची रीतही बदलावी लागते. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या गुप्त संघटनेच्या एका कामगिरीत आपण पाहुणा म्हणून एका बंद वाड्यात शिरतो आणि इतर पाच पाहुण्यांना एकेक करून संपवायचे असते. तिथे तलवारीपेक्षा बोलणे अधिक कामी येते, कारण त्यांच्या गप्पांमधून कोणाचा कोणावर राग आहे हे कळते आणि संशय पेरून त्यांना एकमेकांवर उलटवता येते. याउलट ‘स्कायरिम’मधील आपोआप तयार होणाऱ्या रेडिएंट क्वेस्टमध्ये गुहा आणि वस्तू बदलतात, काम तेच राहते.

‘बाल्डर्स गेट ३’ने (२०२३) या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या आहेत. आरंभीच आपण गॉब्लिन या लुटारू जमातीच्या बाजूने आश्रयाला आलेल्या निर्वासितांवर हल्ला केला, तर विल आणि कार्लाक हे आपले सहप्रवासी आपली साथ सोडतात, आणि त्यांच्या स्वतःच्या क्वेस्ट त्या खेळापुरत्या आपल्याला कायमच्या बंद होतात.