आमचा लाल्या कोंबडा लईच माजलाय
आज अंडी काढायला खुराड्यात वाकलो तर मागून येऊन पोटरीवर झेप, पायामागचा काटा पँटमधून थेट आत, चांगलं रक्त काढलं राव. पिल्लू होता तेव्हा हातावर दाणे खायचा, सहा महिन्यांचा झाला, तुरा लालभडक झाला आणि साहेबांच्या अंगात आलं. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या तरी लागतात, आमच्याकडे पाचात दोन कोंबडे, मग राडा होणारच ना! पळालं की तो अजून चेकाळतो म्हणून सरळ उचलला, पंख दाबून बगलेत धरला आणि अंगणभर फिरवला, एकदम गप. सोडल्यावर परत एक पंख खाली टाकून माझ्याभोवती तिरका नाचतोय 😂 आई म्हणते वड्यांचं पीठ काढू का? म्हटलं रविवारपर्यंत थांब गं