ईमॅक्समधून थेट ओळीची लिंक

टीमच्या चॅटवर कुणीतरी विचारतं, "पेमेंट फेल झालं की पुन्हा किती वेळा ट्राय करायचं, हे ठरतं कुठे?" यावर एक जण काळ्या थीमचा स्क्रीनशॉट टाकतो. त्यातलं काही कॉपी होत नाही, सर्चला सापडत नाही, आणि फाइलचं नाव नेमकं क्रॉप झालेलं असतं. दुसरा सांगतो, "सर्व्हिसेसमध्ये जा, पेमेंटची फाइल उघड, दोनशेच्या आसपास बघ." मारुतीच्या देवळापाशी कुणालाही विचारा, घर दाखवतील, त्यातलाच प्रकार.

मी ईमॅक्समध्ये, म्हणजे माझ्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये, त्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी आणि एल दाबते. मी लिहिलेलं छोटं फंक्शन चालतं, वेबवरच्या त्याच ओळीची लिंक क्लिपबोर्डवर येते, ती पेस्ट करते आणि पुढच्या कामाला लागते.

लिंकला लागतं काय, तर रेपोचा (सगळा कोड जिथे ठेवलाय त्याचा) पत्ता, फाइलचा रस्ता, ओळीचा आकडा आणि कमिट, म्हणजे कोडची साठवलेली नेमकी आवृत्ती. सगळं ईमॅक्सला आधीच ठाऊक असतं, नाहीतर गिटला, म्हणजे या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारता येतं. 'गिट रिमोट गेट-यूआरएल ओरिजिन' पत्ता देतं. तो एसएसएचचा असला तर एचटीटीपीएसमध्ये बदलायचा आणि शेवटचं 'डॉट गिट' छाटायचं. माझ्या लॅपटॉपवर ऑफिसचं आणि घरचं अशी दोन खाती आहेत, त्यामुळे एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये होस्टला मीच टोपणनावं दिली आहेत. ती ब्राउझरला कशी कळणार? म्हणून कुठल्या टोपणनावामागे कुठलं खरं होस्ट, याची दोन ओळींची यादी फंक्शनच्या डोक्यावर ठेवली आहे.

खरा मुद्दा कमिटचा. लिंकमध्ये ब्रँचचं (कोडच्या पुढे वाढत राहणाऱ्या शाखेचं) नाव, म्हणजे बहुतेकदा मेन, घातलं तर ती आज बरोबर असते. उद्या कुणी वर चार इंपोर्ट वाढवले की २१२वी ओळ चार घरं खाली सरकते. दोन महिन्यांनी तिकीट वाचणाऱ्याला तिथे एक बंद होणारा कंस दिसतो, आणि तो तुमच्या अकलेविषयी मत बनवतो. म्हणून 'गिट रेव्ह-पार्स हेड' चालवून ४० अक्षरांचा पूर्ण हॅश, म्हणजे त्या कमिटची ओळखखूण, घ्यायचा. लिंक लांबलचक होते, होऊ दे. रेपो जिथे ठेवतात त्या गिटहबच्या साइटवर फाइल उघडून नुसतं वाय दाबलं तरी ब्रँचची लिंक कमिटची होते, हे किती जणांना माहीत असतं कोण जाणे. शिवाय ओळींसकट असलेली कमिटची लिंक त्याच रेपोच्या इश्यूत टाकली की गिटहब तेवढा कोड तिथेच दाखवतं. ब्रँचच्या लिंकला तो मान नाही.

पण हॅश लोकल असेल तर? कमिट केलंय, पुश (म्हणजे सर्व्हरवर पाठवलं) नाही, अशी लिंक समोरच्याला ४०४ दाखवते. म्हणून फंक्शन आधी 'गिट ब्रँच', 'डॅश आर' आणि 'कंटेन्स' वापरून हे कमिट कुठल्या रिमोट ब्रँचमध्ये पोचलंय का ते बघतं. नसेल तर खालच्या पट्टीत येतं: "आधी पुश कर, बाई." फाइलमध्ये कमिट न केलेले बदल असतील तर लिंक मिळते, सोबत "आकडे सरकलेले असतील" असा इशाराही.

ओळींचे आकडे वाटतात तितके सरळ नाहीत. तीन ओळी पूर्ण सिलेक्ट केल्या की कर्सर बहुतेकदा चौथीच्या सुरुवातीला असतो, आणि लिंक चार ओळींची होते. तेव्हा सिलेक्शनचं टोक ओळीच्या आरंभी असेल तर एक वजा करायचा. बफर (उघडलेली फाइल) नॅरो केलेलं, म्हणजे त्याचा एकच भाग दिसत असेल तर 'लाइन-नंबर-ॲट-पॉस' दिसणाऱ्या भागापासून मोजतं. त्याला दुसरा आर्ग्युमेंट टी दिला की मूळ फाइलचा आकडा मिळतो, ही सोय ईमॅक्स २६पासून आहे. गिटहब रेंजमधल्या दोन्ही आकड्यांआधी एल मागतं, गिटलॅब ही तशीच दुसरी साइट फक्त पहिल्याआधी. मार्कडाउनच्या फाइलला गिटहबवर 'प्लेन इक्वल्स १' जोडावं लागतं, नाहीतर सजवलेलं पान उघडतं आणि ओळ राहते बाजूला.

हे सगळं तयार मिळतं, हे मान्य. ईमॅक्ससाठी 'गिट-लिंक' आहे, 'ब्राउझ-ॲट-रिमोट' आहे. व्हिम हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांकडे फ्युजिटिव्ह या प्लगिनचं 'जीब्राउझ' आहे, पुढे उद्गारचिन्ह दिलं की लिंक उघडण्याऐवजी कॉपी होते (गिटहबसाठी जोडीला ऱ्हुबार्ब हे प्लगिन लागतं). व्हीएस कोडमध्येही पर्मालिंक (कायमची लिंक) कॉपी करता येते. 'गिट-लिंक' घेणार असाल तर 'गिट-लिंक-यूज-कमिट' आधी चालू करा, म्हणजे लिंक ब्रँचची न होता कमिटची होते.

मला मात्र लिंकच्या आधी फंक्शनचं नाव हवं होतं. मोबाइलवर ४० अक्षरांचा हॅश बघून कुणाला काय कळणार? 'ॲड-लॉग-करंट-डीफन' कर्सर कुठल्या फंक्शनमध्ये आहे ते सांगतं, ते लिंकच्या आधी चिकटवलं. आता निम्म्या वेळा लोक लिंक उघडतच नाहीत, नाव वाचूनच "हां, कळलं" म्हणतात.

सध्या उलटा प्रवास लिहितेय: कुणी पाठवलेली लिंक पेस्ट केली की ब्राउझरमध्ये न जाता ती ओळ ईमॅक्समध्येच उघडावी. माझी लोकल फाइल वेगळ्या कमिटवर असू शकते, म्हणून ती तशीच उघडून चालत नाही. लिंकमधला हॅश आणि रस्ता वेगळा काढून मॅजिट या ईमॅक्समधल्या गिटच्या पॅकेजच्या 'मॅजिट-फाइंड-फाइल'ला द्यायचा, म्हणजे त्या कमिटच्या वेळची फाइल समोर येते. हॅशच्या लिंकांसाठी हे चालतंय. अडतंय ते ब्रँचच्या नावातच तिरकी रेघ असलेल्या लिंकांवर, कारण ब्रँच कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो हे लिंक बघून ठरत नाही. त्यासाठी आधी रिमोट ब्रँचांची यादी मागवून जुळवून बघावं लागणार.